इंधनाच्या टँकरमध्ये वॉर्ड कसा लावायचा

गेल्या दोन-तीन वर्षांत मला तीन मराठी मुलींचे फोन आले. तिघीही नर्स, तिघीही अमेरिकेत येऊन इथल्या नागरिक झालेल्या, आणि एअर फोर्स रिझर्व्ह किंवा नॅशनल गार्डच्या एरोमेडिकल, म्हणजे जखमी-आजारी सैनिकांना विमानाने नेणाऱ्या, स्क्वाड्रनमध्ये भरती झालेल्या. प्रश्न तिघींचा एकच होता: "ताई, बहुतेक सराव सी-१७ वर झाला. आता पहिलीच ड्यूटी टँकरवर लागलीय. काय करू?" (सी-१७ हे मोठं लष्करी मालवाहू विमान, आणि टँकर म्हणजे इंधनवाहू विमान.) प्रत्येकीला तासभर फोनवर सांगितलं. आता लिहूनच ठेवते.

मी मिरजेची. नर्सिंग तिथेच शिकले, पुढे इकडे आले आणि फ्लाइट नर्स म्हणून अकरा वर्षं रिझर्व्हमध्ये काढली. त्यातली बरीचशी उड्डाणं केसी-१३५ या टँकरवर झाली. अधिकृत चेकलिस्ट तुमच्याकडे आहेच आणि तीच पाळायची आहे. हे लिहिलंय ते चेकलिस्टच्या दोन ओळींच्या मधलं.

आधी विमान नीट समजून घ्या. केसी-१३५ हे उडता उडता दुसऱ्या विमानांना इंधन देणारं विमान. पहिलं १९५७ साली कॅलिफोर्नियातल्या कॅसल तळावर दाखल झालं, म्हणजे तुम्ही ज्या विमानात चढाल ते तुमच्या आईपेक्षा वयाने मोठं असण्याची शक्यता आहे. इंधन पंखांत आणि डेकच्या खालच्या टाक्यांत असतं. वरचा लांबलचक डेक मोकळा असतो आणि तोच आपला वॉर्ड. तिथे स्ट्रेचर लावायचे खांब नाहीत, रुग्णांसाठी ऑक्सिजनची लाइन नाही, तपासण्यापुरता उजेड नाही, खिडक्या नावापुरत्या. सी-१७ मध्ये यातलं बरंच काही विमानातच असतं. ते ३६ स्ट्रेचरवरचे आणि ५४ चालते रुग्ण नेऊ शकतं. टँकरमध्ये जे लागेल ते आपण चढवायचं. जे चढवलं नाही, ते पुढचे नऊ तास नाही.

मग टँकर का वापरतात? फक्त रुग्णांसाठी असलेली सी-९ नाइटिंगेल विमानं २००३ मध्ये या कामातून गेली, २००६ मध्ये सी-१४१ हे मालवाहू विमान निवृत्त झालं. रुग्णांसाठी राखून ठेवलेलं विमान ही कल्पनाच मागे पडली. ज्या दिशेला जे विमान चाललंय त्यात वॉर्ड लावायचा, अशी पद्धत आली. टँकर लांब पल्ल्याचा असतो, संख्येने भरपूर असतो आणि पॅसिफिकमध्ये तर तोच हाताशी असतो. ओकिनावाच्या कडेना तळावरून हवाईला रुग्ण न्यायचा तर मध्ये नुसतं पाणीच पाणी. विदर्भात मूळ असलेले सर्जन डॉ. अतुल गावंडे यांनी २००४ मध्ये लिहिलं होतं, की व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिक रणांगणावरून अमेरिकेतल्या रुग्णालयात पोहोचायला सरासरी ४५ दिवस लागत. इराक-अफगाणिस्तानच्या काळात ते चार दिवसांच्या आत आलं. त्या चार दिवसांतला एक मोठा तुकडा हवेत जातो. तो तुकडा आपल्या हातात असतो.

रुग्ण आधी, विमान नंतर

विमान सजवायची घाई सगळ्यांना असते. मी उलटं सांगते: आधी रुग्णाच्या अंगातली हवा शोधा.

उड्डाणात केबिनमधला दाब साधारण ८,००० फुटांवरच्या दाबाइतका असतो. समुद्रसपाटीला ७६० मिलिमीटर असलेला पारा तिथे ५६४ च्या आसपास येतो, म्हणजे बंदिस्त जागेतली हवा सुमारे ३५ टक्के फुगते. वॉर्डमध्ये ज्या हवेने काही बिघडत नव्हतं, ती इथे बिघडवते. छातीत उरलेली थोडी हवा, कवटीत शिरलेली हवा, डोळ्याच्या जखमेतली हवा, न चालणारं आतडं, कोलोस्टोमीची पिशवी, श्वासनळीतल्या ट्यूबचा कफ, म्हणजे ट्यूबभोवतीचा हवेचा छोटा फुगा. एकेका रुग्णाजवळ उभं राहून डोक्यापासून पायापर्यंत विचारा: इथे हवा कुठे अडकली असेल?

न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा, असेल तर चेस्ट ट्यूब घातलेली हवी आणि तिला एकदिशा व्हॉल्व्ह हवा. ट्यूबच्या कफचा दाब मोजायचं यंत्र खिशात ठेवा; चढताना, वर स्थिर झाल्यावर आणि उतरताना, असं तीनदा मोजा. २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या दाबात तो राहायला हवा. चढताना कफ फुगून श्वासनळीला चेपतो आणि उतरताना तोच ढिला पडून गळतो. दुसरी गोष्ट लोक विसरतात. ताजं प्लास्टर दोन्ही बाजूंनी कापलेलं हवं, कारण खालची सूज वर वाढते. पोट फुगलेलं असेल तर नाकातून नळी घालूनच न्या. जबडा तारांनी बांधलेला असेल तर तार कापायची कात्री त्याच्या उशाशी चिकटपट्टीने लावा, तुमच्या बॅगेत नको. उलटी झाली तर ती शोधायला वेळ नसतो.

काही रुग्णांसाठी केबिनची उंची कमी ठेवावी लागते, उदाहरणार्थ ५,००० फूट. तिथे हवा ३५ ऐवजी साधारण २० टक्केच फुगते. हा निर्णय रुग्णाला उड्डाणासाठी मंजुरी देणाऱ्या फ्लाइट सर्जनचा असतो, पण तो वैमानिकापर्यंत पोहोचलाय का, हे तुम्ही स्वतः विचारा. विमान खालून उडवायचं म्हणजे इंधन जास्त लागतं, वाट बदलते, कधी मध्ये उतरावं लागतं. हे धावपट्टीवर कळून उपयोग नाही. मी प्रत्येक ब्रीफिंगला वैमानिकाच्या डोळ्यांत बघून तो आकडा मोठ्याने म्हणायचे आणि त्याच्याकडून परत वदवून घ्यायचे.

आणि झडती. जखमी सैनिकाच्या पँटच्या खिशात गोळ्या, चाकू, क्वचित त्याहून भयानक काही राहून गेलेलं असतं. त्याचा मान राखून, पण पूर्ण झडती घ्या. ब्लँकेटच्या आतसुद्धा.

चढवणं

केसी-१३५ चं मालाचं दार पुढच्या बाजूला, डावीकडे आहे, आणि जमिनीपासून चांगलंच उंच. वैमानिक ज्या शिडीने चढतात ती सरळसोट उभी असते, तिथून रुग्ण न्यायचा विचारही करू नका. चालते रुग्ण जिन्याने दारापर्यंत येतात. स्ट्रेचर उचलणाऱ्या प्लॅटफॉर्मवरून किंवा माल चढवायच्या लोडरवरून वर येतात. तो लोडर हळू वर जातो, वारा असतो, इंजिनांचा आवाज असतो, आणि पडलेल्या माणसाला वर फक्त आभाळ दिसतं. त्याच्याशी बोलत राहा. "आता वर चाललोय, आता डावीकडे वळतोय," एवढंच. दारातून आत आल्यावर स्ट्रेचर काटकोनात वळवावा लागतो, आणि तिथेच सलाइनची नळी खांबात अडकते. त्या वळणावर एक माणूस फक्त नळ्या बघायला उभा करा. त्याला दुसरं काहीही काम देऊ नका.

या विमानात वेगळा लोडमास्टर नसतो. बूम ऑपरेटर, म्हणजे मागे पोटावर झोपून इंधनाची नळी चालवणारा माणूस, तोच मालाचंही बघतो. तो तुमचा सर्वांत जवळचा मित्र आहे. त्याला नावाने ओळखा. पॅलेट (माल ठेवायचे सपाट तळ) कुठे बसतील, दिवे कुठे आहेत, हीटर कुठला नीट चालतो, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

स्ट्रेचर ज्यावर बसतात त्याला पेशंट सपोर्ट पॅलेट म्हणतात. मालवाहू पॅलेटवर उभे खांब, आणि त्यावर रेल्वेच्या बर्थसारख्या तीन-तीन मजल्यांच्या दोन रांगा, एका पॅलेटवर सहा स्ट्रेचर. स्ट्रेचर भरताना वरून खाली भरायचे, उतरवताना खालून वर. नाहीतर कुणाच्या तरी डोक्यावरून दुसरा माणूस न्यावा लागतो.

कोण कुठे, आणि गारठा

इथे मी जरा थांबणार आहे, कारण टँकरवरची सगळ्यात अवघड गोष्ट हीच.

पुस्तक सांगतं, जड रुग्ण आणि ज्यांच्याकडे सतत बघावं लागतं ते खाली किंवा मध्ये ठेवा. बरोबर आहे. पण या विमानात जमीन गार असते आणि छताजवळ ऊब साठते. वरच्या बर्थवरचा माणूस घामाने भिजतो आणि त्याच वेळी त्याच्या खालचा तिसरा थंडीने कुडकुडतो. विमानात एकच तापमान असतं हे विसरा. तीन मजल्यांना तीन ऋतू असतात.

माझ्या सुरुवातीच्या एका उड्डाणात आम्ही जर्मनीतल्या रामस्टाइनहून वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज तळावर चाललो होतो. स्फोटात दोन्ही पाय मोडलेला एक तरुण होता, दोन्ही पायांना एक्स्टर्नल फिक्सेटर. लोखंडी चौकटीमुळे स्ट्रेचर अवजड, म्हणून मी त्याला सगळ्यात खाली घेतलं. तीन तासांनी बघते तर पायाची बोटं बर्फासारखी, नख दाबलं तर रंग परत यायला वेळ लागतोय, आणि पायावरची नाडी माझ्या बोटाला लागत नाहीये. मोडलेल्या पायाच्या बाबतीत याचा अर्थ काय होऊ शकतो हे तुम्हाला सांगायला नको. स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढला असेल तर पाय जाऊ शकतो, आणि खाली अटलांटिक. नाडीचा आवाज ऐकवणारं डॉप्लर यंत्र लावलं तर विमानाच्या आवाजात काहीच ऐकू येईना.

माझ्याबरोबरचा टेक्निशियन वीस वर्षांचा अनुभवी होता. तो काही न बोलता शेजारच्या पॅलेटवरच्या खालच्या रुग्णाकडे गेला. त्याला मलेरिया होता, पायाला काहीही झालेलं नव्हतं. त्याने त्याची बोटं धरली आणि मलाही धरायला लावली. तीही तशीच बर्फ. मग आम्ही चौघांनी मिळून त्या मुलाला मधल्या बर्थवर घेतलं, मधला रुग्ण त्याच्या संमतीने खाली गेला, पाय गुंडाळले. वीस-पंचवीस मिनिटांनी नाडी लागली. त्या वीस मिनिटांत मी घड्याळाकडे किती वेळा पाहिलं ते सांगता येणार नाही.

म्हणून आता माझी पद्धत सांगते. ज्याच्या हाता-पायाची नाडी तपासत राहायची आहे असा रुग्ण कधीही सगळ्यात खाली नको, मधल्या मजल्यावर हवा. जड असला तरी, आणखी दोन माणसं उचलायला घ्या. उड्डाणापूर्वी जिथे नाडी लागते तिथे पेनने फुली मारा. बोटं गरम आहेत की गार, हे त्याच वेळी लिहा, कारण नंतर तुलना कशाशी करणार? खाली ठेवायचे तर ज्यांना बोलता येतं, थंडी वाजली तर सांगता येतं असे रुग्ण ठेवा. त्यांच्या अंगावर ब्लँकेट टाकण्याआधी अंगाखाली घाला. आमच्या घरी आजी जमिनीवर झोपताना पांघरायच्या गोधडीपेक्षा अंथरायची गोधडी जाड घ्यायची, तेच इथे. स्ट्रेचरच्या कापडाखालून गार हवा लागते, तिथे एक ब्लँकेट आडवं बांधलं तर मोठा फरक पडतो. भाजलेल्या रुग्णाला आणि खूप रक्त गेलेल्याला तर थंडी अजिबात चालत नाही, थंड पडलेलं रक्त नीट गोठत नाही. माणशी दोन ब्लँकेट असं पत्रकात लिहिलेलं असेल तर चार मागा. मिळतात.

आणि वरच्याला विसरू नका. त्याला पाणी द्या. विमानातली हवा कोरडी असते आणि तो मुकाट्याने सुकत जातो.

वीज आणि ऑक्सिजन

विमानाची वीज ४०० हर्ट्झची, आपली यंत्रं ६० हर्ट्झची. मध्ये कन्व्हर्टर लागतो. तो एक आहे की दोन, आणि एक बंद पडला तर काय, हे विचारून ठेवा. इंजिन सुरू होताना आणि जमिनीवर वीज बदलताना पुरवठा तुटतो. त्यामुळे प्रत्येक मॉनिटर, पंप, व्हेंटिलेटर आधी बॅटरीवर चालवून बघा. पूर्ण चार्ज दाखवणारी जुनी बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते, हे मी पाहिलंय. व्हेंटिलेटरच्या प्रत्येक रुग्णाच्या उशाशी हाताने दाबायची अंबू पिशवी, मास्क जोडून तयार हवी.

ऑक्सिजनचा हिशोब कागदावर करा, मनात नको. आपण द्रवरूप ऑक्सिजनचं १० लीटरचं भांडं नेतो. एका लीटर द्रवाचा सुमारे ८६० लीटर वायू होतो; थोडा वाया जातो असं धरून एका भांड्यात ८,००० लीटर समजा. आता एका रुग्णाला मिनिटाला ४ लीटर, नऊ तास: २,१६० लीटर. असे दोन रुग्ण म्हणजे ४,३२०. उरले ३,६८०, भरपूर वाटतात. पण तिसऱ्याचा श्वास बिघडला आणि त्याला मिनिटाला १० लीटर लागू लागले, तर एका तासाला ६०० लीटर जातात, सहा तासांत ते संपले. शिवाय उंचीवर सगळ्यांचीच गरज वाढते, जमिनीवर ऑक्सिजन न लागणाऱ्यालाही वर लागू शकतो. हवामान बिघडलं तर दोन तास जास्त. मी कायम हिशोबाच्या दुप्पट नेला. एकदाही पस्तावले नाही.

केबिनचा दाब अचानक गेला तर वरून मास्क पडत नाहीत. डोक्यावरून घालायचे हूड असतात. उडण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाचा हूड त्याच्या हाताला लागेल असा ठेवा, ज्याला हात नाही त्याचा कोण घालणार हे ठरवा. स्वतःचा आधी घालायचा. रुग्णाकडे धावायचा मोह होतो, तो सरावानेच मोडतो.

हवेत

स्टेथोस्कोप गळ्यात राहू दे, कामाला येणार नाही. कानांत बोळे, वर हेडसेट, अशा आवाजात फुप्फुसं ऐकता येत नाहीत. छाती उघडून बघा, दोन्ही बाजूंना हात ठेवा, दोन्ही सारख्या वर येतात का बघा. ओठांचा रंग बघा. डोक्यावरचा टॉर्च लागतोच. अलार्मही ऐकू येत नाहीत, म्हणून मॉनिटरचे पडदे वाटेकडे तोंड करून लावा, म्हणजे चालता चालता दिसतील.

रुग्णाच्या कानांतही बोळे असतात, आणि त्याला वाटतं आपल्याला कुणी विसरलंय. जवळून जाताना प्रत्येकाच्या खांद्याला हात लावायचा, ही सवय मी सोडली नाही. माझ्याकडे एक वही असायची, जाड पेनने मोठ्या अक्षरांत लिहायला: 'दुखतंय का? १ ते १०'. तो बोटांनी आकडा दाखवतो. थरथर हाडांपर्यंत जाते, त्यामुळे वेदनेचं औषध उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या आधी पोहोचेल असं द्या. कळ उठल्यावर द्यायला जाल तर मागेच राहाल.

डोक्याला मार असलेल्याचा पाठीचा भाग साधारण ३० अंश वर ठेवा. दर दोन तासांनी कूस बदला, नऊ तास त्या कापडावर पडून कातडी सोलते. उतरायला लागण्याआधी झोपलेल्यांना उठवा, घोट घ्यायला सांगा, नाहीतर कानांत कळा येतात.

नेहमीची टीम म्हणजे दोन फ्लाइट नर्स आणि तीन टेक्निशियन. फार गंभीर रुग्ण असतील तर सोबत क्रिटिकल केअरची वेगळी टीम येते: डॉक्टर, आयसीयू नर्स, रेस्पिरेटरी थेरपिस्ट. ती व्हेंटिलेटरवरचे तीन रुग्ण सांभाळते. त्यांच्या रुग्णांना डेकवर जागा द्या, त्यांना त्यांचं काम करू द्या, पण विमान त्यांना तुमच्याइतकं ठाऊक नसतं. गारठ्याचं त्यांना सांगा.

आणखी दोन गोष्टी

फ्रेंच हवाई दलाने हेच काम वेगळ्या विचाराने केलं. त्यांनी आपल्या केसी-१३५ साठी 'मॉर्फे' नावाचा आयसीयूचा संच तयार केला, तो २००६ पासून सेवेत आला. सहा अतिगंभीर किंवा बारा कमी गंभीर रुग्ण. २००८ मध्ये अफगाणिस्तानातल्या उझबिनच्या हल्ल्यातले जखमी त्यातून घरी आले, आणि मार्च २०२० मध्ये त्याच पद्धतीने नव्या ए-३३० टँकरमधून मुलूज शहरातले कोविडचे रुग्ण दुसऱ्या शहरांत नेले. माझ्या मते तीच वाट बरोबर आहे, संच आधीच बांधून ठेवायची. अमेरिकेचा नवा केसी-४६ त्या दिशेने आहे: २४ स्ट्रेचर आणि ३४ चालते रुग्ण, उजेड चांगला, वीज आणि ऑक्सिजन विमानातच. पण केसी-१३५ अजून बरीच वर्षं उडणार आहे, आणि तुमची ड्यूटी त्याच्यावर लागली आहे.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. टँकरवर रेड क्रॉसचं चिन्ह नसतं. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार संरक्षण मिळतं ते केवळ वैद्यकीय कामासाठीच वापरल्या जाणाऱ्या विमानाला. आज रुग्ण आणि उद्या लढाऊ विमानांना इंधन, अशा विमानाला ते लागू नाही. रुग्णांना हे सांगू नका. तुम्हाला मात्र माहीत हवं.

उतरल्यावर

दार उघडलं की बाहेरची हवा भसकन आत येते, अँड्र्यूजला जानेवारीत तर बोचरी. दार उघडण्याच्या आधी सगळे गुंडाळलेले हवेत. खालून वर उतरवा. प्रत्येक रुग्णाच्या पहिल्या तपासणीचा आणि शेवटच्या तपासणीचा कागद त्याच्या छातीवर, ब्लँकेटच्या आत. उतरवून घेणाऱ्या नर्सला तोंडी सांगा, आवाज असला तरी, कानाशी जाऊन सांगा: शेवटचं औषध किती वाजता, आणि कुठल्या देशाच्या वेळेनुसार. ही वेळेची चूक सगळ्यात जास्त होते. सगळीकडे झुलू वेळच, म्हणजे ग्रीनिचची प्रमाणवेळ, लिहा.

मग डेक रिकामा होतो. तो बूम ऑपरेटर पॅलेट मोजत असतो, कारण उद्या हे विमान पुन्हा इंधन घेऊन जाणार. तुम्ही स्ट्रेचर मोजा, पट्टे मोजा, हूड मोजा, भांड्यात किती ऑक्सिजन उरला ते लिहा. खोलीवर जायच्या आधी सगळ्या बॅटऱ्या चार्जिंगला लावा.